एकदाच धुतलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. माझं वय सत्तावन्न वर्षं, आणि एवढ्या काळात मला एकदाच धुतलं गेलं. त्या एका धुण्यापायी एक अख्खं बेट सुनं व्हायची वेळ आली होती. ती कशी आली आणि कशी टळली, ते सांगतो. पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगेन. खोटं बोलून कोटाला मिळायचं काय?

माझं बेट तेर्नहोल्म. किनाऱ्यापासून होडीने दीड तास, ध्रुववृत्ताच्या थोडं वर. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं पुरतात. झाड एकही नाही. माणसांचं घर एक, होड्यांची शेड एक. बाकी जमिनीलगत, दगडांच्या आडोशाला, पालथ्या होडीखाली, पायऱ्यांच्या पोटात मिळून आज ऐंशी घरकुलं आहेत. ती आयडर बदकांसाठी. ही बदकं वर्षभर उघड्या समुद्रावर राहतात आणि मे महिन्यात अंडी घालायला बेटावर येतात. मादी सव्वीस दिवस अंड्यांवर बसते, जवळजवळ उपाशी. स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून अंड्यांखाली अंथरते. पिल्लं झाली की त्यांना घेऊन समुद्रात उतरते आणि पिसं मागे ठेवून जाते. त्या पिसांच्या रजया होतात. बदल्यात माणसाने त्यांना घर द्यायचं, सुक्या शेवाळाचं अंथरूण घालायचं आणि कुरव पक्षी, कावळे, गरुड यांच्यापासून राखण करायची. हा करार कुठे लिहिलेला नाही. मी जन्मलो त्याच्याही फार आधीपासून तो चालत आला होता.

मला शिवलं १९६८ साली, पेट्राने. तिचा मुलगा हाल्वर लग्न करून डोंगरातली मुलगी घेऊन आला होता. ती ओलाउग. सून सासूपेक्षा वीतभर उंच आणि खांद्यांनी रुंद, त्यामुळे पेट्राचा स्वतःचा राखणीचा कोट तिला होणार नव्हता. मग बेटावरच्या मेंढ्यांची लोकर काढली, कापड विणून आणलं, आणि रंगासाठी पेट्रा तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन उत्तरेच्या खडकांवर गेली. तिथलं दगडफूल खरवडून तिने मोठ्या पातेल्यात माझ्याबरोबर दिवसभर उकळलं. मी बाहेर आलो तो ओल्या खडकासारखा तपकिरी. त्या मुलीचं नाव तुरीद. तिला विसरू नका.

रंग झाला, शिवण झाली, तरी मला लगेच अंगावर घातलं नाही. पेट्राने मला पूर्ण एक हिवाळा शेडमध्ये शेवाळाच्या ढिगावर टांगून ठेवलं. "नवा कोट बदकांना चालत नाही," ती सुनेला म्हणाली, "आधी तो बेटाचा झाला पाहिजे. मग तू."

राखणीच्या दिवसांत बेटावर काही गोष्टी करत नसत. हातोडी वाजवायची नाही. कुत्रा किनाऱ्यावर ठेवायचा. होडीचं इंजिन लांबच बंद करून वल्हवत यायचं. दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, कारण फडफडणाऱ्या चादरीला बदकं गरुड समजतात. आणि राखणदारणीने रोज तोच कोट घालून, त्याच वाटेने, तेच शब्द पुटपुटत दोनदा फेरी मारायची. ओलाउगचे शब्द होते, "बस गं, बस. मीच आहे." बदकं कोट ओळखतात, चाल ओळखतात की आवाज, हे मला अजूनही ठाऊक नाही. पण पहिल्याच वसंतात मी ओलाउगच्या अंगावर तीनशे बारा घरट्यांजवळून गेलो आणि एकही मादी उठली नाही.

पुढची पंधरा वर्षं माझ्या उमेदीची. मग शाळा बंद झाली, दुकानाची बोट यायची थांबली आणि एकेक बेट रिकामं होत गेलं. १९८३ च्या शरद ऋतूत हाल्वर आणि ओलाउगही मुलाला घेऊन किनाऱ्यावर राहायला गेले. मला शेडमधल्या खिळ्याला अडकवलं. "येऊ परत," ओलाउग म्हणाली. ती बावीस वर्षांनी आली.

त्या बावीस वर्षांबद्दल बोलण्यासारखं फार नाही. कोटाच्या नशिबी थोडीफार उपेक्षा असतेच. पण शेडच्या फटीतून मला दिसायचं. पहिली काही वर्षं बदकं आली. घरकुलांची छपरं कुजली, तरी येत राहिली. मग मिंक आला. हे मुंगसाएवढं जनावर फरसाठी पाळलेलं, पिंजऱ्यातून सुटलेलं, आणि पोहण्यात पटाईत. तो घरट्यावरच मादीला धरतो. एका वसंतात मला एकही बदक दिसलं नाही. त्यानंतर कितीतरी वसंत तसेच गेले.

२००५ मध्ये दोघं म्हातारपण घेऊन परत आली. ओलाउगने मला खिळ्यावरून काढलं, झटकलं आणि वास घेतला. "हा अजून आहे," ती नवऱ्याला म्हणाली. दोन हिवाळ्यांत त्यांनी नऊ मिंक पकडले, वाहून आलेल्या फळ्यांची चाळीस घरकुलं उभी केली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ओलाउग मला घालून रिकाम्या घरकुलांसमोरून फिरली. "बस गं, बस. मीच आहे." ऐकायला कोणी नव्हतं. हाल्वर हसायचा. तिसऱ्या वसंतात एक मादी आली आणि घराच्या पायऱ्यांखाली बसली. तिच्या चोचीवर डाव्या बाजूला खाच होती. ओलाउगने तिचं नाव पायरीवाली ठेवलं. त्या वर्षी एक. पुढच्या वर्षी चार. हाल्वर वारला त्या वर्षी एकोणतीस. २०२३ मध्ये चौसष्ट.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. एका संग्रहालयाने मला काचेच्या कपाटात मागितलं. ओलाउगने पत्र वाचलं आणि म्हणाली, "कोट काचेत गेला तर बदकांना काय माझी कातडी दाखवू?"

त्याच सुमारास तुरीद बेटावर राहायला आली. सतराव्या वर्षी ती बोडो शहरात गेली होती. एकतीस वर्षं तिने तिथल्या एका लाँड्रीत काढली. नवरा गेला, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी ती भावाच्या घरी, म्हणजे आता भावजयीच्या घरी, परतली. ठेंगणी, चटपटीत, आणि यंत्रांच्या घरघरीत कान गेल्यामुळे बोलणं कायम वरच्या पट्टीत. नणंद-भावजयीचं कसं होतं म्हणाल, तर दिवसभर भांडायच्या आणि कॉफी मात्र एकमेकींशिवाय घ्यायच्या नाहीत.

आता २०२४ च्या वसंताकडे येतो. २४ एप्रिलला ओलाउग शेवाळाची पाटी घेऊन चालताना घसरली आणि तिचा खुबा मोडला. शेजारच्या बेटावरचा इंगवाल्ड होडी घेऊन आला. तिला माशांच्या पेट्यांवर गादी टाकून झोपवलं. मी तिच्या अंगावरच होतो. तिने मला उतरवून तुरीदच्या हातात दिलं.

"हा घाल. सकाळी सात, संध्याकाळी सात. डावीकडून जायचं, उजवीकडून यायचं."

"वहिनी, मी याच बेटावर जन्मलेय."

"जन्मलीस खरी. पण सतराव्या वर्षी जी बोट धरलीस ती थेट साबणाच्या फेसात जाऊन पडलीस."

"आणि तू गं? तू समुद्र पाहिलास तोच मुळी लग्नाच्या दिवशी! वांती करत उतरली होतीस होडीतून, मी बघितलंय."

"बायांनो," इंगवाल्ड म्हणाला, "ओहोटी लागलीये. उरलेलं भांडण फोनवर करा."

"आणि तुरीद, ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडतेय?" तुरीद म्हणाली, आणि शेडच्या छपरावरचे कुरव उडाले.

होडी सुटताना ओलाउगने हात वर केला. "बिघडलं तर पुढच्या वर्षी येत नाहीत त्या," ती म्हणाली. हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. ते खरंही होतं. घरट्यावरून एकदा घाबरून उठलेली मादी ती जागा सोडते, आणि तिच्या मागोमाग तिच्या मुलीही सोडतात. चौसष्ट घरटी सतरा वर्षांत जमली होती. उधळायला एक वसंत पुरला असता, आणि पुन्हा सतरा वर्षं ओलाउगजवळ नव्हती.

तुरीदने सगळं नीट केलं. घरकुलांत शेवाळ अंथरलं. एका छपराला खिळा हवा होता, तिथे दगड ठेवला. मग ३० एप्रिलला, बदकं यायच्या आधीच्या आठवड्यात, तिने मला स्वयंपाकघरात नेलं, नाकाजवळ धरलं आणि मान फिरवली. माशाचं तेल, शेवाळ, बदकांची विष्ठा, हाल्वरची तंबाखू, छप्पन्न वर्षांचा घाम, हे सगळं माझ्यात होतं.

"अरे देवा," ती मला म्हणाली, "तुला कधी कोणी माया लावलीच नाही का?"

मित्रांनो, मला तिचा राग नाही. तिने आयुष्यभर माणसांवर माया केली ती अशीच, त्यांचे कपडे धुऊन. आणि बेटाचे नियम तिला आठवत होते. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, म्हणून तिने शेगडीजवळ दोरी बांधली. कोट धुवायचा नाही असा नियमच नव्हता. तसं कोणी करील हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

लोकर गरम पाण्यात घालू नये, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पहिली तीन पाणी कोमटच घेतली. पहिलं पाणी कॉफीसारखं आलं, दुसरं तसंच, तिसरंही तसंच. मग तिच्यातली एकतीस वर्षं उसळून आली. मळापुढे हार म्हणून तिला माहीत नव्हती. तिने किटली ओतली, निळ्या डब्यातली पावडर दोनदा टाकली आणि बाह्या सरसावल्या.

मी वाळलो तेव्हा फिका राखाडी झालो होतो. लव्हेंडरचा वास येत होता. बाह्या चार बोटं आखूड, खांदे आत गेलेले. तिने मला घालून आरशात पाहिलं. "अगं बाई," ती खूश होऊन म्हणाली, "बसला की मला!"

६ मे रोजी बदकं खाडीत आली. नर काळे-पांढरे, घुमणारे. माद्या तपकिरी, गप्प. १२ मेपर्यंत अकरा माद्या घरकुलांत शिरल्या. तोवर तुरीद फक्त खिडकीतून पाहत होती. ओलाउगची रीतच ती. पहिल्या माद्या बसू द्यायच्या, मग फेरी सुरू करायची. त्या संध्याकाळी सात वाजता, लख्ख उन्हात, मला घालून ती डावीकडून निघाली.

पहिल्या घरकुलापासून आम्ही तीस पावलांवर होतो. मादीने मान वर केली, आणि ती बाणासारखी सुटली. घाबरून उठणारी आयडर जाता जाता अंड्यांवर घाण करून जाते. तो वास फार वाईट असतो. तिच्या आवाजाने दुसरी उठली, मग तिसरी. मिनिटभरात अकराही खाडीत होत्या. वरून कुरव उतरले. त्यांना हाकलायला तुरीद हात हलवत, ओरडत धावली, आणि खाडीतली बदकं आणखी दूर गेली. चार घरकुलांतली अंडी फुटली. पायरीवाली अजून आलेली नव्हती, एवढंच बरं.

तुरीदने कवचं वेचली आणि ती पायरीवर बसून राहिली. मी लव्हेंडरच्या वासाचा होतो आणि मला माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला. कानांमुळे ती फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते, म्हणून मीही ऐकला.

"किती बसल्या?" ओलाउगने विचारलं.

"हवा चांगली आहे."

"हवा नाही विचारली."

"एकही नाही."

"कोट घातला होतास?"

"घातला होता."

"डावीकडून?"

"डावीकडूनच गं."

"मग कोटाला काय झालंय?"

"कोटाला काय होणार? उलट... स्वच्छ झालाय."

"स्वच्छ म्हणजे? झटकलास?"

"धुतला."

"पाण्यात?"

"नाही, दुधात! धुणं कशात धुतात, वहिनी?"

तुरीदने फोन हलवून पाहिला. मग ओलाउगचा आवाज आला, पण तो दुसऱ्याच कोणाला उद्देशून. "नाही हो सिस्टर, दुखत नाहीये काही. माझ्या नणंदेने माझं अख्खं बेट धुऊन टाकलंय."

"ओलाउग, मी..."

"दार लाव आणि बोडोला जा. सतरा वर्षं झाली. पुरे झालं आता." फोन बंद झाला.

तुरीदने खरंच पिशवी काढली. तिच्यात दोन स्वेटर भरले. दुपारी इंगवाल्ड दूध आणि टपाल घेऊन वल्हवत आला. त्याने आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीतल्या निळ्या डब्याकडे.

"याने धुतलास?"

"आता तूही सुरू हो."

"माझा भाऊ शिकारीला जातो, तो या पावडरीला हात लावत नाही. कपडा उजळ दिसावा म्हणून हिच्यात काहीतरी चमकीचं असतं. आपल्याला नुसतं स्वच्छ दिसतं. पक्ष्यांना म्हणे तेच झगझगीत दिसतं. त्यांचे डोळे वेगळे." त्याने कॉफीचा घोट घेतला. "म्हणजे त्यांच्या मते काल ओलाउग आलीच नाही. एक दिवा चालत आला. आणि तो दिवा ओरडत होता."

तुरीदला हसू आलं नाही. इंगवाल्ड गेल्यावर तिने मला मांडीवर घेतलं आणि माझी कॉलर उलटी केली. शिवणीच्या आत, जिथे पाणी नीट पोचलं नव्हतं तिथे, बोटभर जागा अजून तपकिरी होती. ती बराच वेळ त्या रंगावर बोट फिरवत राहिली.

"दगडफूल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पावसानंतर. कोरडं निघत नाही."

तिने पिशवीतले स्वेटर परत कपाटात ठेवले.

पाऊस १५ तारखेला पडला. तुरीद जुना चमचा आणि बादली घेऊन उत्तरेच्या खडकांवर गेली. ती बाजू घरकुलांना दिसत नाही. मी तिच्या काखेत होतो, रंग जुळवून पाहायला. एका खडकापाशी ती थांबली. त्याचा एक भाग दगडफुलाने जाड झाला होता. उरलेल्या भागावर ते पातळ होतं, आणि मधली रेघ हाताने ओढल्यासारखी स्पष्ट होती. पातळ बाजूवरचं दगडफूल छप्पन्न वर्षांत एवढंच वाढलं होतं. ती रेघ पेट्राची होती. ती कुठलाच खडक पूर्ण खरवडायची नाही. तेरा वर्षांच्या तुरीदने तेव्हा कंटाळून विचारलं होतं, सगळं एकाच खडकाचं का नाही काढायचं? पेट्रा म्हणाली होती, "अर्धं दगडाचं."

तुरीदने तो खडक सोडला. पुढच्या अठ्ठावीस खडकांवरून थोडं थोडं घेतलं आणि प्रत्येकाचं अर्धं ठेवलं. बादली भरायला दोन दिवस लागले. बाहेर धूर नको, म्हणून पातेलं गॅसच्या शेगडीवर चढवलं. दगडफुलाचा एक थर, मग मी, मग वर पुन्हा थर. या वेळी तिच्यातली खरी कारागीर जागी होती. आच मेणबत्तीएवढी. ढवळणं नाही. पाणी इतकं सावकाश तापलं, की मला कळलंही नाही. रात्रभर त्याच पाण्यात निवू दिलं. मी बाहेर आलो तेव्हा ओल्या खडकासारखा होतो, कदाचित थोडा लालसर.

पेट्राने मला बेटाचा व्हायला एक हिवाळा दिला होता. तुरीदकडे तीन दिवस होते. तिने मला शेवाळाच्या ढिगात पुरलं, वर माशाच्या तेलाचा हात फिरवला. नंतर दोन दिवस ती मला घालून शेडच्या दाराशी नुसती बसून राहिली. हालचाल नाही. खाडीतल्या बदकांनी आम्हाला पाहिलं आणि आम्ही त्यांना. या वेळात ती कुजबुजायला शिकत होती. आपला आवाज तिला ऐकू येत नाही, म्हणून ती गळ्यावर हात ठेवायची आणि कंप जाणवला की आवाज आणखी खाली आणायची.

"बस गं, बस," ती म्हणायची. पुढचे दोन शब्द येत नव्हते.

"'मीच आहे' कसं म्हणू?" तिने एकदा मलाच विचारलं. "मी ती नाहीच ना. त्यांना काय कळत नाही?"

२१ मेच्या सकाळी ती फेरीसाठी दार उघडून पहिल्या पायरीवर उतरली, आणि खालून सळसळ आली. पायऱ्यांच्या पोटात, शेवाळावर, एक मादी बसली होती. चोचीवर डावीकडे खाच. पायरीवालीने मान ताणली आणि अंग चपटं केलं. उठण्याआधी आयडर असंच करते. तुरीदचा एक पाय हवेत होता. एकोणसत्तर वर्षांची बाई एका पायावर, दाराची चौकट धरून, श्वाससुद्धा न घेता उभी राहिली. माझी किनार त्या बदकापासून हातभर अंतरावर लोंबत होती.

"बस गं, बस," तुरीद म्हणाली. तिला स्वतःला ऐकू आलं नसेल इतकं हळू. "मीच आहे."

पायरीवालीने मान खाली घेतली. मग आणखी खाली. मग तिने चोच पिसांत खुपसली.

त्यानंतरचं मोजून सांगतो. २९ मेला नऊ घरटी. तुरीदने फोन केला नाही. इंगवाल्डबरोबर चिठ्ठी पाठवली, "नऊ." उत्तराची चिठ्ठी आली, "डावीकडूनच ना?" ५ जूनला तिने लिहिलं, "चोवीस." उत्तर आलं, "ओरडू नकोस." १० जूनला अडतीस झाली आणि तिथे थांबली. चौसष्ट नव्हेत, अडतीस. मागच्या वर्षी भरलेली सव्वीस घरकुलं या वेळी रिकामी राहिली आणि तुरीद रोज त्यांच्यासमोरूनही तेच शब्द म्हणत गेली.

१८ जूनला ओलाउग परत आली. दोन कुबड्या, आणि अंगात दवाखान्यातून निघताना घेतलेलं नवं कोरं निळं जाकीट. शेडच्या दारापर्यंत आली आणि कुबडीचा खडखडाट झाला. जवळच्या दोन घरकुलांतल्या माद्यांनी माना वर काढल्या. ओलाउग जागीच थांबली. ज्या बेटावर तीनशे बारा बदकं तिला ओळखत होती, तिथे ती पाहुणी झाली होती. तुरीद तिच्याजवळ गेली.

"रंग लाल झालाय," ओलाउग म्हणाली.

"थोडा."

"आईंचा इतका लाल नव्हता."

"आईचं पातेलं लोखंडी होतं. तुझं ऍल्युमिनियमचं. काटकसर कोणी केली?"

"काढ बघू. मला घालू दे."

तुरीदने मला उतरवलं. ओलाउगने एक बाही घातली. ती कोपरापाशी अडली. दुसरी घालायचा प्रयत्न केला, तर पाठीची शिवण करकरली. तिने अडकलेली बाही ओढून काढली.

"धूर्त आहेस," ओलाउग म्हणाली. "धुऊन धुऊन स्वतःच्या मापाचा करून घेतलास."

"एकतीस वर्षं काय उगाच काढली लाँड्रीत?" तुरीद म्हणाली. मग तिने माझी आखूड बाही बोटांनी ओढून पाहिली. "ओलाउग, मी मुद्दाम नाही केलं गं."

"ठाऊक आहे." ओलाउगने मला झटकलं, तुरीदच्या खांद्यांवर घातलं आणि वरचं बटण स्वतःच्या हाताने लावलं. "सात वाजले. जा. मी इथूनच बघते."

आम्ही डावीकडून निघालो. मागे ओलाउग शेडच्या दारात पेटीवर बसली होती, मान किंचित पुढे काढून. वाऱ्यावर शब्द तिच्यापर्यंत पोचले असतील. "बस गं, बस. मीच आहे." आता तुरीद त्या दोन शब्दांपाशी अडखळत नव्हती. एकही मादी उठली नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपायला हरकत नाही. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या आसपासही कुठेतरी, कड्यावर, खाडीत किंवा खिडकीच्या वर, कोणी पक्षी घरटं करत असेल. त्याच्या जवळून जाल तेव्हा हळू जा. दुसऱ्याची एखादी जुनी, कळकट वस्तू साफ करावीशी वाटली, तर हात घालण्याआधी विचारा, कारण मळ दिसतो तो कधी कधी कोणाचा तरी विश्वास असतो. आणि चूक झालीच, तर पिशवी भरू नका. चमचा घ्या, बादली घ्या, आणि अर्धं दगडासाठी ठेवा.

या वर्षीच्या मे महिन्यात तेर्नहोल्मवर त्रेपन्न घरटी झाली. पायरीवाली आली. बरीच म्हातारी झाली आहे. ओलाउग शेवाळ सुकवते, तुरीद फेरी मारते, आणि कॉफीच्या वेळी भांडण होतं. मी शेडमधल्या त्याच खिळ्याला असतो. फक्त माझ्या कॉलरच्या आत, त्या बोटभर जुन्या रंगाच्या शेजारी, तुरीदने एक पांढरी पट्टी शिवली आहे, लाँड्रीत कपड्यांवर असते तशी. तिच्यावर पाण्याची छोटी बादली काढली आहे आणि त्या बादलीवर मोठी, ठसठशीत फुली मारली आहे.